नंबर हरीचा होता

ठकूबाई उतेकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका ट्रकवाल्याला चपलेने झोडपत होती. पोलादपूरच्या नाक्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. नुकतंच शटर वर करून मी उदबत्ती लावत होते, आणि समोर भर रस्त्यात हा प्रकार. बाई हडकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ट्रकवाला तिच्या दुप्पट. त्याचा बंद पडलेला ट्रक तिच्या क्रेनने घाटातून ओढून आणला होता, आणि आता तो म्हणत होता की असं काही ठरलंच नव्हतं. चार जण सोडवायला मध्ये पडले, त्यांनाही थोडा थोडा प्रसाद मिळाला. मग ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "चिकटपट्टी दे गो बाय. मला नको, त्याला. कपाळ फुटलंय मेल्याचं."

चिकटपट्टीचे पैसे तिनेच दिले. आमची ओळख झाली ती अशी.

ती थोर बाई वगैरे आहे म्हणून मी हे लिहिते आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. ती भांडकुदळ आहे. तिच्या तोंडात आधी शिवी येते आणि मग समोरच्याचं नाव. पण गेल्या वर्षी महाडला आम्हा व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात एक पाहुणे येऊन गेले. सूट घातलेले, हातात रिमोट. जोखीम घेतल्याशिवाय छोटा धंदा मोठा होत नाही, असं त्यांनी तासभर सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही वर झाले नाहीत. मला ठकूबाई आठवली आणि इतका राग आला की समोरचा ढोकळा तसाच टाकून मी घरी आले.

उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. तिचा नवरा मात्र इथेच राहिला, एका क्रेनमालकाकडे हुक लावायच्या कामाला. एक दिवस दरीतून गाडी वर घेताना क्रेनचा वायर रोप तुटला. ताणलेला लोखंडी दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो. तो त्याच्या मानेवर बसला. ठकूबाईला नवरा परत मिळाला तो गोधडीत गुंडाळून, आणि गोधडी सोडू नका असं सगळे तिला सांगत होते. तिने सोडली, बघितलं आणि पुन्हा बांधली.

मालक तेराव्याला तांदळाचं पोतं आणि एक पातळ घेऊन आला. तिने पोतं उंबऱ्याबाहेर लोटलं. दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन मालकाच्या अंगणात जाऊन बसली. बोलली नाही, जेवली नाही. कोयता मांडीवर आडवा आणि नजर मालकाच्या दारावर. मालकाची बायको घाबरली, मुलं मागच्या दाराने शाळेला जायला लागली. शेवटी मालकाने कंटाळून तीच जुनी क्रेन तिच्या नावावर करून दिली. लोक म्हणाले, ठकू, अपशकुनी वस्तू आहे ती, नको घेऊस. ती म्हणाली, "हिनं माझा नवरा खाल्लाय. आता मला खायला घालायचं हिच्यावर हाय."

क्रेन चालवायची नवऱ्याचा जोडीदार महादू याने. हुक लावायचा ठकूबाईने. उलटलेल्या गाडीला पट्टा कुठे घालायचा, भार कुठून उचलायचा, यात ती कुणाचं ऐकत नसे. आणि नवा वायर रोप दर पावसाळ्याआधी. घरात तेल नसलं तरी चालेल, रोप नवा पाहिजे.

आमच्या इथे तेव्हा दुसरी क्रेन होती हरी सालेकरची. हरी उंच, अंगाने भरलेला, बोलायला गोड आणि हिशेबाला कडक. दोन क्रेन आणि घाट दोन: एक कशेडी, एक आंबेनळी. कुठेही गाडी पडली की दोघे सुसाट सुटायचे. जो आधी पोचेल त्याचं काम. एकदा कशेडीत दुधाचा टँकर आडवा झाला आणि दोघांचे हुक एकदमच टँकरला लागले. मग जी मारामारी झाली ती पोलादपुरात अजून सांगतात. ठकूबाईचे समोरचे दोन दात पडले. हरीच्या करंगळीचं पेर तुटलं, ते तिच्या तोंडात. तेवढ्या वेळात आसपासच्या वाड्यांनी हंडे-कळश्या आणून टँकर रिकामा केला. दोघांच्या हाती काही लागलं नाही.

त्यानंतर जाणत्यांनी दोघांना वाघजाईच्या देवळात बसवलं आणि शपथेचा बेल उचलायला लावला. ठरलं ते असं: नंबर लावायचा. आजचा अपघात हरीचा, तर पुढचा ठकूबाईचा. मग मध्ये कितीही दिवस जावोत. ज्याचा नंबर त्याची क्रेन पोचेपर्यंत दुसऱ्याने गाडीला हुक लावायचा नाही, उशीर झाला तरी नाही. देवीसमोर बेल उचललेला माणूस आमच्याकडे सहसा फिरत नाही, आणि ही दोघं तर फिरलीच नाहीत.

मला विचाराल तर त्यांनी केलं ते शहाणपणाचं होतं. या धंद्यात उद्या काम आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. कधी आठवडाभर फोन वाजत नाही, कधी एकाच दिवशी तीन गाड्या. नंबरची पद्धत आल्यावर एकाची चूल पेटते आहे आणि दुसऱ्याची विझली आहे असं झालं नाही. एकमेकांचं रक्त काढलेली ही माणसं पुढे एकमेकांचे पट्टे, जॅक उसने न्यायला लागली. हरीच्या मुलीच्या लग्नात ठकूबाईने भात वाढला आणि जेवायला उशीर करणाऱ्या मुंबईकर पाहुण्यांना दम दिला.

मग कशेडीचा बोगदा सुरू झाला. गाड्या घाट न चढता आरपार जायला लागल्या. मरणारी माणसं कमी झाली, माझ्या दुकानातला कापूस-बँडेजचा खप कमी झाला, आणि या दोघांच्या क्रेनखाली गवत उगवायला लागलं. चांगली गोष्ट झाली आणि त्यात दोन घरं बुडायला लागली, हे खरं आहे, आणि त्याबद्दल कुणाला शिव्या घालाव्यात हे ठकूबाईलाही कळत नव्हतं.

त्यातच महाडच्या सिमेंटवाल्यांचा आमोद या धंद्यात उतरला. शिकलेला, नम्र मुलगा. त्याने एकदम नवी मोठी क्रेन आणली, भरलेला कंटेनर उचलणारी. हमरस्त्यावर आता पडतात त्या अशाच अवजड गाड्या. जुन्या क्रेनची त्यांच्यापुढे काही मात्रा चालत नाही. तो पेढे घेऊन ठकूबाईकडे आला आणि म्हणाला, "मावशी, नंबर वगैरे मी मानणार नाही. ज्याची क्रेन आधी, त्याचं काम." ठकूबाईने पेढा खाल्ला, हात पुसले, पाना उचलला आणि त्याच्या नव्या क्रेनची पुढची काच फोडली. आमोदने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी नवीन काच बसवून तो कामावर हजर. त्याला ते परवडत होतं, आणि ठकूबाईला भीती वाटली ती त्याचीच.

तेव्हा ठरलं की मोठी क्रेन घ्यायची. घेतली तर आमोदपुढे उभं राहता येईल. नाही घेतली तर जुनी क्रेन भंगारात आणि ठकूबाई वाडीवर, नाचणीच्या तुकड्यावर. महादूचं घरही त्याच क्रेनवर. हरीनेही तसाच प्रयत्न केला होता, पण त्याला बँकेने दारातही उभं केलं नाही. ठकूबाईची फाइल मी माझ्या भाचीकडे दिली. देवश्री महाडला सीए आहे. बँकेला द्यायचा अहवाल तीच करणार होती.

त्या दिवशी आम्ही तिघी देवश्रीच्या ऑफिसात बसलो होतो. एसी लावलेला, ठकूबाई पदर अंगाभोवती घट्ट ओढून खुर्चीच्या टोकाला. देवश्री म्हणाली, "पुढच्या पाच वर्षांत धंदा किती वाढेल ते दाखवावं लागतं. दरवर्षी थोडी थोडी वाढ धरू या."

"वाढ म्हंजे काय?"

"म्हणजे कामं वाढतील. यंदा जेवढ्या गाड्या उचलल्या, त्यापेक्षा पुढच्या वर्षी जास्त."

ठकूबाईने देवश्रीच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे पुढल्या वरसाला किती पडतील, त्ये मी इथं बसून लिवून द्यायचं?"

"गाड्या, मावशी. माणसांचं नाही म्हणत मी."

"गाड्या काय आपल्या आपण चालतात काय गो?"

देवश्री ओशाळली. तरी कामाची पोर ती. पुढचा रकाना वाचलाच. धंद्यातले धोके कोणते? ठकूबाई म्हणाली, "दोर तुटतो." देवश्रीने ते लिहून घेतलं. "आणखी?" "आणखी काय. दोर तुटला की झालंच." शेवटी ती उठली आणि म्हणाली, "बँकेला काय हवं त्ये लिव तू. मी सही करते. पण माझ्यासमोर वाचू नको."

बँकेचे साहेब वाईट नव्हते. म्हणाले, हे दोन-तीन महिने नियमित काम दाखवा, गणपतीनंतर मंजूर करून टाकू. ठकूबाईने साहेबांना वाडीवरची काकडी नेऊन दिली. पावसाळा सुरू झाला होता, आंबेनळी घाट निसरडा होता, आणि तिला काम हवं होतं. हवं होतं आणि मागता येत नव्हतं. देवीला दिवा लावताना ती काय म्हणायची कोण जाणे. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

श्रावणातली गोष्ट. मी वाईहून एका बारशाहून आंबेनळीने परतत होते. दुपारची वेळ, पण धुकं इतकं की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. एका वळणावर गाड्यांची रांग लागलेली. उतरून पुढे गेले तर भाजीचा टेंपो डोंगराच्या बाजूला उलटला होता. रस्ताभर कोबी. आणि टेंपोच्या केबिनखाली ड्रायव्हर, कमरेपासून वर बाहेर, पाय आत. वयाने पंचविशीचा असेल. नाव बुद्धरत्न, मेढ्याकडचा; हे मला त्यानेच सांगितलं, कारण मी त्याच्या डोक्याखाली माझी शाल ठेवली आणि त्याने माझं मनगट धरून ठेवलं. चिखल इतका की लोकांनी लावलेला जॅक उचलायच्या ऐवजी जमिनीतच जात होता. अँब्युलन्स आली होती, पण अँब्युलन्स टेंपो उचलत नाही. पोलीस खाली एका दरडीपाशी कामात अडकलेले.

आणि तिथेच, वीस पावलांवर, ठकूबाईची क्रेन उभी होती. बातमी ऐकून आधीच पोचलेली, इंजिन चालू. महादू आत बसलेला. ठकूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली.

"अगं, बसलीस काय?" मी ओरडले. "माणूस अडकलाय खाली."

"नंबर हरीचा हाय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

हरी तिथेच होता, मोटरसायकलवर भावाला घेऊन आलेला. त्याची क्रेन महाडच्या गॅरेजातून निघाली होती म्हणे. "येतेय. इतक्यात येतेय," तो प्रत्येकाला सांगत होता. मी त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, अरे हरी, नंतर भांडा, पैसे तू घे, आधी हिला उचलू दे. तो म्हणाला, "सरोजबाय, तुमाला नाय कळायचं. आज हिनं लावला की उद्या नंबर कोण मानेल? त्यो आमोद वाटच बगतोय. आमी दोघं कशावर जगतोय, त्या बेलावरच ना?" तो काही राक्षस नव्हता. महिनाभर त्याला एकही काम मिळालं नव्हतं, आणि हे मिळालेलं.

"हरी," ठकूबाई दगडावरून म्हणाली, "तू सोड मला. तुझ्या तोंडानं म्हण, लाव हुक. मग बेल मोडत नाय."

"क्रेन येतेय, ठकू."

बुद्धरत्न ओरडत होता. आधी आईला, मग देवाला, मग नुसताच. मी पुष्कळ अपघात पाहिलेत, दुकानच तसल्या जागी आहे. पण तो आवाज वेगळा होता. हाडात शिरत होता. रांगेतले लोक गाडीच्या काचा वर करून बसले. कुणीतरी हरीच्या अंगावर धावून गेलं, तर हरीच्या भावाने त्याला कानाखाली देऊन कोबीत पाडलं. महादू केबिनमधून खाली वाकून म्हणाला, "बाय, काय करू?" ठकूबाईने हाताने थांब म्हणून खूण केली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग बुद्धरत्नचा आवाज बंद झाला. माझ्या मनगटावरची त्याची पकड सैल पडली.

तेव्हा ठकूबाई उठली. ती क्रेनपाशी गेली, जॅकचा दांडा काढला, आणि हरी काही बोलायच्या आत तिने तो त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. हरी गुडघ्यावर बसला. तिने दुसरा घाव त्याच उजव्या हातावर घातला, आणि तिसरा घालणार तर हरीच्या भावाने मागून तिचे केस धरून तिला रस्त्यावर आपटलं. लाथा घातल्या, पोटात, कमरेत. ती त्याच्या पायाला चावली. धरलेलं सोडीना. शेवटी रांगेतल्या माणसांना लाज वाटली असावी. सात-आठ जण धावले आणि त्यांनी त्याला बाजूला ओढलं. ती रक्ताळलेल्या तोंडाने उठली, चिखलात आडवी झाली, केबिनखालून पट्टा घातला, हुक अडकवला आणि महादूला म्हणाली, "घे वर. हळू."

टेंपो वर गेला. अँब्युलन्सवाल्यांनी बुद्धरत्नला ओढून काढलं. जिवंत होता. हरी रस्त्यात बसून, मोडलेला हात मांडीवर धरून, तिला शिव्या देत रडत होता. त्याची क्रेन थोड्या वेळाने आली. तिला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

हरीने पोलिसांत तक्रार दिली. हाड मोडलेलं, साक्षीदार शंभर. गुन्हा दाखल झाला. ठकूबाईने एक रात्र कोठडीत काढली आणि बाहेर आल्यावर सरळ मला म्हणाली, त्या पोराला बघायला जायचंय. आम्ही गेलो. बुद्धरत्न झोपेच्या औषधात होता. चादर गुडघ्याखाली एका बाजूला सपाट होती. डॉक्टर तरुण होते, आम्ही कोण ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, "रक्तपुरवठा फार वेळ बंद राहिला. थोडं आधी काढलं असतं तर पाय वाचला असता."

परतताना बसमध्ये ठकूबाई खिडकीशी बसली आणि पोलादपूर येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मला वाटलं अंग दुखत असेल.

बँकेने फाइल थांबवली. फौजदारी गुन्हा असलेल्या माणसाला कर्ज देता येत नाही, साहेबांनी अगदी सभ्यपणे सांगितलं. मिटवून या, मग बघू. इकडे हरीच्या माणसांनी भर बाजारात ठकूबाईच्या क्रेनच्या काचा फोडल्या, डिझेलचे पाइप कापले. महादूला नाक्यावर गाठून इतकं मारलं की त्याचा एक कान अजून ऐकत नाही. तो मार मी डोळ्यांनी पाहिला आणि नंतर माझ्याच दुकानात त्याला टेकवून पट्ट्या केल्या. या सगळ्या महिन्यात आमोदची क्रेन दोन्ही घाटांत ऐटीत फिरत होती.

शेवटी तोडगा निघाला. हरीच्या घरूनच निरोप आला. ठकूबाईने वाघजाईसमोर नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, हरीच्या नंबरला मी हात लावला, माझी चूक झाली. मग तो नारळ हरीच्या हातात द्यायचा. तेवढं केलं की बेल पुन्हा उचलला जाईल आणि हरी कोर्टात तडजोड करील. हाताबद्दल त्याला काही नको होतं. मारलंस त्याचं काही नाही, नंबर मोडलास त्याचं बोल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. देवश्री म्हणाली, आत्या, दोन वाक्यांचा प्रश्न आहे, बोलायला लावा तिला. महादूने तर तिच्या पायावर डोकं ठेवलं. ठकूबाई म्हणाली, "बरं. बोलते."

देवळात बरीच माणसं जमली होती. हरी पायरीवर बसलेला, हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली, अंग उतरलेलं. त्याला बघून मला वाईट वाटलं. ठकूबाई न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून आली होती. गुरवाने तिच्या हातात नारळ दिला. तिने तो देवीच्या पायरीला लावला आणि म्हणाली, "आई, माझी चूक झाली."

महादूने डोळे मिटले. मीही मोकळा श्वास घेतला.

"मी बसून राह्यले," ती म्हणाली. "त्यो पोरगा ओरडत व्हता आणि मी दगडावर बसून राह्यले. तुझ्या बेलापायी. माझी क्रेन तिथं उभी, दोर नवा, आणि मी बसून राह्यले. त्याचा पाय गेला. ती माझी चूक हाय, ती मी कबूल करते." मग ती हरीकडे वळली. "तुला मारला ही चूक नाय, हरी. उशिरा मारला ही चूक हाय."

हरीच्या भावाने तिच्या हातातला नारळ हिसकावला आणि तिच्या कपाळावर हाणला. ती देवीच्या पायरीवर पडली, नारळ फुटला नाही, कपाळ फुटलं. बायका किंचाळल्या. गुरव मध्ये आला नसता तर त्याने दुसऱ्यांदा हाणला असता. हरी जागेवरून हलला नाही. त्याने भावाला थांबवलं नाही आणि तिला हातही लावला नाही. खाली मान घालून बसून राहिला, आणि सगळे पांगले तरी तिथेच होता.

तिला मी रिक्षात घालून दुकानात आणलं. टाके घालायला दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना. स्पिरिटचा बोळा जखमेवर दाबत मी तिला वाटेल ते बोलले. म्हटलं, काय मिळवलंस? दोन वाक्यं. मोठी क्रेन आली असती, महादूचं घर चाललं असतं, तुझं म्हातारपण सुखाने गेलं असतं. देवीपुढे थोडं खोटं बोलली असतीस तर देवी काय खाणार होती तुला?

"बोलणार व्हते गो," ती म्हणाली. "वाटेनं पाठ करत आले व्हते."

"मग?"

रक्त तिच्या भुवईवरून खाली येत होतं, ते तिने हाताने पुसलं. "तसं बोलले असते तर नंबर परत चालू झाला असता, सरोजबाय. मोठी क्रेन पण आली असती. आणि परत कोण तरी गाडीखाली ओरडला असता आणि मी आधी नंबर बगितला असता. मी बगितला असता, मला ठाव हाय. त्या दिवशी बगितलाच ना."

मग ती रडायला लागली. नवऱ्याची गोधडी सोडून बघितली तेव्हाही ही बाई रडली नव्हती असं वाडीवरचे सांगतात. माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तोंड उघडं टाकून ती रडली, आणि मला तिला गप्प राहा म्हणवेना. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कपाळाला पट्टी बांधली.

केस अजून चालू आहे. बँकेने फाइल परत केली. हरीने क्रेन विकली, तो आता आमोदच्या क्रेनवर डाव्या हाताने हुक लावतो. ठकूबाईची जुनी क्रेन काचांशिवाय चालते, आणि घाटात कुणी अडकलं आहे असं कळलं की ती कुणाला न विचारता निघते. पुष्कळदा आमोदची माणसं तिला हाकलून देतात, कधी मारतातही. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे येते, स्टुलावर बसते आणि पट्टी बांधून घेते.